फाट्यावरची मोजणी

२ जुलै

आजपासून लिहिणार. सरपंचांच्या प्रशिक्षणाला गेलते तवा तिथली बाई म्हणली होती, रोज काय झालं ते चार ओळीत टिपून ठेवा, लोक बोललेलं फिरवतात. मला पटलं. लोक फिरवतातच. मी सातवी झालेली हाय, अक्षर बी बरं हाय. नातीची, सायलीची, अर्धी कोरी वही घेतलीय.

आज पंचायतीत जिल्ह्यातून एक माणूस आलता. आदिनाथ नाव. तिशीतला, पाठीला पिशवी, बोलायला लोण्यावानी. म्हणला, जिल्ह्याच्या वाहतुकीचा नवा आराखडा करायलोत. गावं वाढायलीत, घरटी मोटारसायकली झाल्यात, जीपमधी माणसं कोंबून चालल्यात, धूर अन् अपघात. म्हणून बॅटरीवरच्या लहान बस सोडायच्या. त्यातली एक घाटनांदूरच्या स्टेशनवरून अंबाजोगाईला. ती सडकेनं सरळ जायची का आमच्या पांगरवाडीत वळायची, हे अजून ठरलं न्हाई. बाजारच्या दिवशी सकाळी आमच्या फाट्यावर माणसं मोजणार. भरपूर दिसली तर बस गावात, अन् पोळ्याच्या आधी सुरू. न्हाई दिसली तर सरळ.

मी इचारलं, आमच्याकडं आठ तास लाइट असती, ती बॅटरी कुणाच्या चिमणीवर भरणार? तो हसला. इचारल्यावर जो हसतो त्याच्यावर नजर ठेवावी.

ही बस मला पायजे. लई पायजे. सायली बारावीला चांगल्या मार्कानं पास झाली, तिला अंबाजोगाईला नर्सिंगला जायचंय. तिचा बाप, म्हंजे माझा विजयसिंह, सगळ्यांच्या देखत म्हणला, "पोरगी हॉस्टेलला ठेवणार न्हाई, जीपला लोंबकळत पाठवणार न्हाई. गावात बस आली तर शिकल. बस न्हाई तर शाळा न्हाई." बोलला ते बरं झालं. शब्दात अडकला. आता बस आणायची मी बगते.

५ जुलै

पाणी मुरायलंय. आज आदिनाथची मोटारसायकल अमरसिंहाच्या दारात उभी होती. अमरसिंह माझ्या चुलत दिराचा पोरगा, त्याच्या तीन काळीपिवळ्या जीपा घाटनांदूर-अंबाजोगाई पळतात. बस आली की त्याच्या जीपांत कुत्रं बसणार न्हाई. मग तिथं कशाचा चहा?

मी पार ओलांडून तडक गेले. अमरसिंह बाजेवरून उठला बी न्हाई. म्हणला, "काकू, शक नको घेऊ. मी तोंडावर सांगतो, मला बस नको. गिराइकं किती अन् कुठून बसतात ते सायेब इचारायला आलते, ते सांगितलं."

"खरं सांगितलं?"

"खोटं सांगून मला काय जीपा आजून भरायच्यात?"

एवढं सरळ बोलणाऱ्याचा तर जास्तच शक येतो.

घरी येऊन विजयला सांगितलं. तो म्हणला, "माय, तू कशाला उन्हाचं फिरतीस. पंचायतीचे फोन माझ्याकडंच येतात, सायेबांशी मी बोलतो." सरपंचाचा मोबाईल त्याच्याजवळच असतो. मला ते बोटानं पुसत बसायचं जमत न्हाई. गावात एवढी माणसं हायेत, पण बिनघोर पाठ टेकावी असा हाच एक.

८ जुलै

फाट्यावर गेलते. तिथली पत्र्याची शेड म्हंजे आपला बसथांबा. आत बगते तर मेंढरं. पार अंगाला अंग लावून बसलेली. म्हाळू धनगर बाहेर काठीला टेकून उभा.

"म्हाळू, हा थांबा माणसांचा का तुझ्या मेंढरांचा?"

"पाऊस लागलता बाई. थांबला की काढतो."

"मोजायला माणूस येणार हाय. लेंड्या मोजून जाईल."

तो मेंढरांकडं वळला. त्याच्या वस्तीवरची पोरं म्हणे रोज ह्याच शेडमधी जीपची वाट बगतात. त्याची लेक अंजना नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला हाय, तिला बी मी दोनदा जीपच्या मागल्या दांडीला धरून जाताना बगितलंय. मग त्याला बस नको असं कसं म्हणावं? पण त्याची मेंढरं अमरसिंहाच्या वावरात बसतात खतासाठी, त्याबदली धान्य मिळतं. ज्याच्या वावरात बसायचं त्याचंच ऐकायचं. मेंढरं थांब्यात घालायला त्याला कुणी सांगितलं, हे काय मी लहान लेकरू हाय का न समजायला.

१३ जुलै

दुपारी पंचायतीतून आले तर दारात पांढरी गाडी. केजकडची चार माणसं निघालीच होती, दोन बाया, दोन बाप्ये. एक पोरगा गाडीतच, केस चापून बसवलेला. विजय म्हणला, "जमीन बगायला आलते. सडकेच्या कडेचा तुकडा." मी म्हणलं, इकायचा कवा ठरला? तो म्हणला, न्हाई इकायचा, पण आलेल्याला हाकलावं का?

आता बगा. बसचं नाव निघायला अन् सडकेकडच्या जमिनीला गिराईक यायला एकच गाठ कशी? कुणीतरी आतली खबर देतंय. मी गाडीचा नंबर पाठ करून ठेवलाय.

सून, शिवकन्या, पोह्याच्या बश्या घासत होती. ठेवणीतली साडी नेसून. जमिनीच्या गिराइकाला एवढा मान. मी बोलले तर मान वर केली न्हाई. म्हणली, "तुमचे चिरंजीव म्हणले करा, केलं, आत्याबाई." सायली आत पडली होती, डोळे सुजलेले. पित्त झालं म्हणली. रात्रीची वाचत बसती, दुसरं काय होणार. आल्याचा रस दिला.

जाताना त्यातल्या एका बाईनं मला इचारलं, "तुमच्यात हळदीला किती माणूस असतं?" जमीन घेणाऱ्याला हळदीशी काय करायचं? ऊस लावायचा का हळद, ते बगत असतील.

१५ जुलै

माझ्या विजयची अक्कल मोठी. आज म्हणला, "माय, पुढच्या आठवड्यात बाजारच्या दिवशी मोजणी हाय, सायेबांचा फोन आलता. त्या दिवशी सगळ्या बाया फाट्यावर पायजेत ना? मंग आधी त्यांना खूश कर. ह्या बाजाराला दोन गाड्या करतो, समद्यांना कपिलधारला ने. धबधबा बी सुटलाय, दर्शन बी होईल."

मी म्हणलं, ऐन बाजारच्या दिवशी कावून? दुसरा वार बग. तर म्हणला गाड्या त्याच दिवशी मोकळ्या हायेत. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर हाय, आता जो तो पुढारी बायांना देवाला नेतो. विजयच्या बी मनात उभं राहायचं दिसतंय. मी काही इचारलं न्हाई. पोरगं मोठं होत असल तर आईनं मधी तंगडी घालू नये.

दिवसभर घरोघर फिरले. एक घर सोडलं न्हाई. ज्या बाया दर बाजाराला फाट्यावर उभ्या असतात त्यांना तर हाताला धरून सांगितलं.

१७ जुलै

अंग मोडलंय पण मन भरलंय. पहाटंच निघालो. मी पुढच्या सीटवर. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्या आल्या. बाप्ये बी निघाले, फुकट म्हणल्यावर कोण मागं राहतंय. एक सायली आली न्हाई, शिवकन्या म्हणली तिला घरात काम हाय. गावात राखणीला कुत्री तेवढी उरली.

फाट्यावर एक गंमत बगितली. म्हाळू, अंजना अन् वस्तीवरची दहा-बारा माणसं धुतलेले कपडे घालून शेडपुढं उभी. मेंढरांचं नाव न्हाई, शेड झाडून लख्ख. म्हाळूनं रस्त्यात येऊन आमच्या गाडीला हात केला, दोन्ही हात. मी ड्रायव्हरला म्हणलं थांब, तर मागून विजय म्हणला, "चल रे. फुकट बसायला बगतोय." गाडी गेली. आरशात बगितलं तर तो तसाच हात वर करून उभा. अन् पलीकडं बाभळीखाली एक मोटारसायकल. पाठीला पिशवी असलेला माणूस, ओळखू आला न्हाई नीट.

ह्यांची कसली सभा होती? धुतलेले कपडे घालून? अमरसिंहानं जमवली असणार. परत आल्यावर छडा लावते.

कपिलधारचं पाणी लई जोरात होतं. बाया पोरींवानी भिजल्या. मी देवाला एकच मागितलं, बस येऊ दे, माझी सायली शिकू दे. प्रसादाचा पहिला घास विजयला दिला. त्यानं खाली बगून खाल्ला.

२४ जुलै

आज जे झालं ते लिहायला हात वळत न्हाई.

बाजारचा दिवस. सकाळीच सगळा गाव फाट्यावर नेला. बाया, बाप्ये, शाळेची पोरं, लंगडा हनुमान न्हावी सुद्धा. शेडमधी माणूस मावंना. उभे राहिलो. आदिनाथचा पत्ता न्हाई. जीपा येऊन गेल्या, मी कुणाला बसू दिलं न्हाई. ऊन वर आलं. बाया कुरकुर करायला लागल्या, भाजी सुकायली म्हणून.

मंग म्हाळू आला मेंढरं घेऊन. थोडा वेळ बगत राहिला. म्हणला, "बाई, कुणाची वाट बगताव? मोजणी मागल्या बाजारालाच झाली."

मी पुढं झाले. "कवा?"

"तुमी देवाला गेलता त्या दिवशी. सायेब तासन् तास बसलते बाभळीखाली. आमीच तेवढी होतो. बारा डोस्की मोजली अन् गेले."

मला राग आवरला न्हाई. सगळ्या गावादेखत म्हणलं, "अमरसिंहानं किती पायली ज्वारी दिली तुला तोंड गप ठिवायला? तुला ठाव होतं तर आदल्या दिवशी गावात येऊन सांगायला काय झालतं?"

म्हाळू म्हणला, "सांगितलतं. सायेब शेडपाशी भेटलते, त्यांच्याकडून कळलं तसं तुमच्या दारात येऊन सांगितलतं. अन् गाडीला हात बी केलता." एवढंच बोलला. मेंढरं वळवून गेला. अंजना मागं उभी होती, ती माझ्याकडं बगत होती, बापाकडं न्हाई.

दारात येऊन सांगितलतं म्हणे. कुणाला सांगितलं? मी तर त्या दिवशी घरोघर फिरत होते. हा खोटंच बोलतो.

२५ जुलै

अंबाजोगाईच्या हापिसात जाऊन आदिनाथला गाठला. अमरसिंहाच्याच जीपनं गेले, दुसरं वाहन हाय कुठं. आदिनाथ कागद बाजूला सारून उठला, पाणी दिलं. मी म्हणलं, पाणी राहू द्या, मोजणी अलीकडं कावून आणली?

तो म्हणला, "सरपंच मॅडम, तारीख एक आठवडा आधी आली तेव्हा मी तुमच्या नंबरवर दोनदा फोन केला. तुमचे चिरंजीव बोलले. म्हणाले, गावाला कळवलंय, सगळे येतील."

मी म्हणलं, "तुमी खोटं बोलता. फोनवर आवाज कुणी बी काढतं."

तो चिडला न्हाई. म्हणला, "आराखडा अजून वर गेलेला नाही. तुम्ही म्हणत असाल तर मी येत्या बाजारी पुन्हा मोजतो. पण ही शेवटची वेळ. माणसं फाट्यावर दिसली पाहिजेत."

एवढा भला कावून होतोय? नक्की काहीतरी हाय. अमरसिंहानं कुणाला तरी विजयचा आवाज काढायला लावला असणार. गावात नकला करणारे कमी हायेत का.

परतताना जीपमधी अमरसिंह स्वतः चालवायला होता. म्हणला, "काकू, सगळीकडं बॅटरी मारतीस. आपल्या उशाखाली बी मारून बग एकदा." मी तोंड फिरवलं.

२६ जुलै

विजयला अजून इचारलं न्हाई. इचारायचं काय हाय त्यात. दिवसभर तांदूळ निवडले. निवडलेलेच पुन्हा निवडले.

संध्याकाळी सायली जवळ येऊन बसली. सुपात हात घातला. म्हणली, "आज्जी, ती केजची माणसं जमीन बगायला नव्हती आलती."

मी खडे येचत राहिले.

"श्रावणात मला अठरा पुरी होतेत. दिवाळीनंतरची तारीख धरायलेत. बस आली न्हाई की बाबा म्हणणार, आता काय करावं, शिक्षण तर होत न्हाई. म्हाळूकाका मोजणी अलीकडं आली म्हणून सांगायला आलते तवा मी दारातच होते. बाबांनी त्यांना चहा पाजला अन् म्हणले, मी सांगतो मायला."

"तू कावून न्हाई बोललीस मला?"

"तू बाबाबद्दल कुणाचं ऐकतीस का?"

तिचं बोलणं खरं होतं.

२७ जुलै

गोठ्यात विजय धार काढत होता. मी दारात उभी राहिले. म्हणलं, "फोन तू घेतलतास?"

हो म्हणला. लपवलं बी न्हाई. मला वाटलतं लपवल, मंग मी भांडन. त्यानं भांडायला बी जागा ठेवली न्हाई.

"पोरीचा बाप हाईस तू."

"म्हणूनच. घर चांगलं हाय, पोराला नोकरी हाय. एकदा शिकली, अंबाजोगाईत फिरली, की आपल्या हातात राहती का? अन् तुला तोंडावर न्हाई म्हणायची माझी छाती न्हाई झाली कवाच. म्हणून बसवर ढकललं."

"अन् म्हाळूला मी गावादेखत चोर ठरवला."

तेव्हा तो जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहिते. "मी काय केलं माय? गाड्या सांगितल्या. बाया कुणी गोळा केल्या? तू. पुढच्या सीटवर कोण बसलं? तू. म्हाळू हात करत होता ते कुणी बगितलं? तू."

बादली भरली होती, ती उचलून तो गेला. मी गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. लई लागलं जिवाला. सगळ्या गावावर शक घेतला, सायेबावर, धनगरावर, दिराच्या पोरावर. पोटच्यावर घ्यायचा राहिला.

२९ जुलै

घरोघर फिरले. पण बाया आता डोळे चुकवतात. एक म्हणली, मागं उन्हात उभं केलं, पुन्हा नको. दुसरी म्हणली, विजयदादा ह्या बाजाराला पिकअप देणार हायेत, फुकट, वेशीपासून थेट अंबाजोगाई. फाट्यावर कशाला उतरायचं?

म्हंजे त्यानं पुन्हा डाव टाकला. अन् माझा शब्द ह्या गावात पिकअपपुढं हलका ठरला.

म्हाळूच्या वस्तीवर गेले. तो लोकर कातरत होता. मी म्हणलं, "म्हाळू, माझं चुकलं." त्यानं कात्री थांबवली न्हाई. अंजनानं पोतं टाकलं बसायला. मी पिकअपचं सांगितलं, पोटच्या पोराचं सांगितलं, सगळं. माफी मागायला गेलते, रडून आले.

उठताना तो एवढंच म्हणला, "बाजारला किती वाजता निघल गाडी?"

मी सांगितलं. मनात आलंच, हा कावून इचारतोय? विजयला जाऊन सांगायला तर न्हाई? माझी खोड जाता जात न्हाई.

३१ जुलै

सायलीला घेऊन उजाडताच फाट्यावर गेले. तिच्या अंगावर कॉलेजचा म्हणून घेतलेला निळा ड्रेस. आदिनाथ आलता, बाभळीखाली बसला. वस्तीवरची माणसं आली. मागल्या मोजणीपेक्षा आमी दोघीच काय त्या नव्या. म्हाळू दिसंना. मी वाटंकडं बगत राहिले अन् सायली माझ्याकडं.

मंग गावाकडून पिकअपचा आवाज आला. गच्च भरलेली. विजय स्वतः चालवायला. फाट्यावर वळणार, अन् ओढ्याच्या अंगानं मेंढरं वर आली. पहिलं एक, मंग दहा, मंग सडकच दिसंना. पांढरी, काळी, लंगडी, सगळी. मधी म्हाळू, काठी खांद्यावर आडवी, चालतोय का उभाय ते कळंना.

विजयनं हॉर्न वाजवला. मेंढरू हॉर्नला भेत न्हाई, उलट गोळा होतं. विजय वरडला, "बाजूला घे बे!" म्हाळू म्हणला, "घेतो की मालक. जनावर हाय, आपल्या चालीनं जाणार."

मी पिकअपमागं गेले. बाया वरून बगत होत्या. मी हात जोडले न्हाई अन् सरपंच म्हणून हुकूम बी केला न्हाई. सायलीला पुढं केलं. म्हणलं, "हिला शिकायचंय. हिच्या बापाला नको हाय. बस आली न्हाई तर दिवाळीनंतर हिची हळद. तुमी खाली उतरा, मोजून घ्या, मंग पुन्हा चढा. गाडी कुठं चाललीय, मेंढरं हायेत तोवर."

कुणी हललं न्हाई. मंग कडेला बसलेली वनमाला उतरली. तिची लेक सोळाव्या वर्षीच दिली होती, बाळंतपणात गेली. तिनं पदर खोचला अन् बाभळीकडं चालायला लागली. मंग दुसरी. मंग गाडीचा मागला फाळका पाडूनच सगळ्या. आदिनाथ उभा राहून मोजायला लागला, एका हातानं मोजायचं अन् दुसऱ्यानं लिहायचं. सायली सगळ्यात शेवटी उभी राहिली.

मोजल्यावर एक बी बाई पिकअपमधी चढली न्हाई. अमरसिंहाची जीप आली, त्यात बसल्या, पैसे देऊन. अमरसिंह मला म्हणला, "काकू, माझ्याच जीपनं तुझी बस आणायलीस." अन् हसला. त्याच्या हसण्याचा आज शक आला न्हाई.

मी म्हाळूकडं गेले. हात जोडले. तो म्हणला, "मेंढरं हायेत बाई, कवाबी आडवी येतात."

आदिनाथ म्हणला, आकडा पुरेसा हाय, वर पाठवतो, बाकी त्यांच्या हातात. वर कोण बसलंय ते मला ठाव न्हाई, तिथं काय मुरतंय ते बी न्हाई. पण विजय सगळ्यांच्या देखत म्हणलता, बस आली तर शिकल. आता गाव मोजलं गेलं. परवा सायलीला घेऊन मी अंबाजोगाईला प्रवेशाला चाललेय, बस येवो न येवो.

संध्याकाळी विजय आला. रिकामी पिकअप लावली, पाय धुतले, पाटावर बसला. ताटाकडं बगत राहिला. मंग म्हणला, "माय, भूक लागली."

भाकर वाढली, वर तूप घातलं. पोटचंच हाय. सायलीला आज माझ्या खोलीत घेतलंय, अन् तिच्या मार्कशीटची पिशवी माझ्या उशाखाली हाय. कडी आतून लावलीय.